आखरापासून झुडपीपर्यंतचं अंतर

नागपुरात सीताबर्डीवरून जाणाऱ्या उड्डाणपुलाला एक लांबलचक नाव आहे : आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. त्यावरून रोज हजारो गाड्या जातात. २३ नोव्हेंबर १९९४ ही तारीख जुन्या नागपूरकरांना अजून आठवते. हिवाळी अधिवेशनावर निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ गोवारी मेले. त्यांत बायका आणि लेकरंच जास्त होती. मागणी अनुसूचित जमातीच्या मान्यतेची होती. मान्यतेचा तो वाद पुढे उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये गोवारींच्या विरोधात निकाली निघाला. एवढं सगळं छापून आलं. पण गोवारी पिढ्यान्‌पिढ्या करतात काय, हे विचारलं तर पुलावरचा दहातला एखादाच सांगू शकेल. गोवारी म्हणजे वऱ्हाड-नागपूरच्या खेड्यातला गुराखी. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर १९१६ साली जो ग्रंथ काढला, त्यात गोवारींची ओळख मराठी मुलखातली गुरं राखणारी जात अशीच दिली आहे.

त्याच १९९४ साली, मोर्चाच्या पाच महिने आधी, १७ जूनला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांचा वाळवंटीकरणविरोधी करार मंजूर झाला. कोरड्या मुलखातली जमीन का मरते आणि तिला कसं धरून ठेवायचं, हा त्या कराराचा विषय. सीताबर्डीवर मेलेली माणसं आणि पॅरिसमधला कागद यांना कुणी एका वाक्यात बसवल्याचं दिसत नाही. पुढच्या पानांचा विषय मात्र या दोहोंच्या मधल्या जागेतच आहे : एका गावात घर करून राहिलेलं, ढोरांवर पोट भरणारं कुटुंब आणि त्या ढोरांच्या खुराखालचा माळ.

आधी शब्दाचा घोळ मिटवायला हवा. वाळवंटीकरण म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्या येतात, आणि हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या नागपुराचा त्याच्याशी काय संबंध, असं वाटतं. करारातला अर्थ वेगळा आहे. शुष्क, निमशुष्क आणि कोरड्या-उपआर्द्र प्रदेशांत हवामानामुळे किंवा माणसामुळे जमिनीचा कस आणि तिच्यावरचं हिरवं आवरण जाणं म्हणजे वाळवंटीकरण. वाळूचा एक कणही नसताना ते होऊ शकतं. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने उपग्रहचित्रांवरून काढलेल्या नकाशासंग्रहात २०११-१३ च्या नोंदीनुसार महाराष्ट्राची जवळपास ४५ टक्के जमीन या ना त्या प्रकारे ढासळलेली दिसते. कारणांत पहिलं पाण्याने होणारी धूप आणि दुसरं वनस्पतींच्या आवरणाचा ऱ्हास. देशात ढासळलेली जमीन सर्वाधिक असलेल्या राज्यांत राजस्थानाच्या पाठोपाठ महाराष्ट्राचं नाव येतं. आपल्याकडचं वाळवंट पिवळं नसतं, ते मुरमाच्या रंगाचं असतं.

या मातीचा अभ्यास करणारी देशातली मुख्य संस्था नागपुरातच आहे. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो १९७६ साली स्थापन झाला. देशाचे २० कृषी-परिस्थितिकी विभाग पाडून त्यांचा नकाशा करण्याचं मोठं काम त्याच्या नावावर आहे. मातीची खोली, पोत, उतार, ओल धरण्याची ताकद यांचं ज्ञान अमरावती रोडवरच्या या संस्थेत आहे. गवताचं ज्ञान गोवाऱ्याकडे आणि गाई सांभाळणाऱ्या नंदगवळ्याकडे होतं. दोन्ही ज्ञानं एकाच शहराच्या आसपास नांदली, पण त्यांची गाठ क्वचितच पडली.

पूर्व विदर्भात चराईची जागा कागदावर कशी उतरली, तो इतिहास मजेशीर आहे आणि थोडा रडका. मालगुजारीच्या, म्हणजे इथल्या जमीनदारीच्या काळापासून इथल्या गावांना निस्ताराचा हक्क होता. गावाने सरपण कुठून आणायचं, ढोरं कुठे चारायची, मुरूम-माती कुठून खणायची, हे निस्तारपत्रकात लिहिलेलं असे. १९५१ साली मालगुजारी गेली, जमीन सरकारजमा झाली, निस्तार मात्र कागदावर राहिला. जी पडीत जागा ना धड शेतीची ना धड जंगलाची, जिच्यावर झुडपं आणि गवत एवढंच उगवतं, तिची महसुली दप्तरात नोंद झाली ‘झुडपी जंगल’. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांबाहेर हा शब्द फारसा कुणाला कळत नाही. गावाच्या दृष्टीने ती ढोरांची जागा होती आणि सरकारच्या दृष्टीने रिकामी. पुढचं सगळं भांडण या दोन नजरांच्या फरकातून उपजलं.

झुडपीला जायची वाट आखरावरून निघते. आखर म्हणजे गावाच्या कडेची ढोरं गोळा होण्याची जागा. सकाळी घरोघरची गुरं तिथे यायची, गुराखी ती हाकून न्यायचा आणि दिवेलागणीला परत आणून सोडायचा. त्याला मोबदला वर्षाकाठी धान्यात मिळायचा, ज्याची जितकी ढोरं त्याने तितकं द्यायचं. गुराख्याला बहुधा स्वतःची जमीन नसे, पण गावच्या सगळ्या ढोरांचा दिवस त्याच्या हातात असे. कोणत्या नाल्याकाठी आज जायचं, कोणता उतार पंधरा दिवस सोडून द्यायचा, कुठल्या गवताला अजून फुलोरा यायचा आहे, हे तो ठरवायचा. हे त्याचं कसब कुणी लिहून घेतलं नाही. त्याला चराई व्यवस्थापन म्हणावं, तर त्यालाच हसू येईल.

ऋतूंची घडीही त्यात बसलेली होती. पावसाळ्यात शेतं पेरलेली, तेव्हा ढोरं झुडपीत. ज्वारी निघाली की ती शेतात उतरत. मग शेताला शेण-मूत मिळे, ढोराला कडब्याचे सड आणि बांधावरचं गवत मिळे, आणि झुडपीला चार-सहा महिने उसंत मिळे. दख्खनच्या धनगरांनी हीच घडी लांब पल्ल्याची केली. पावसाळ्यात कोरड्या माळावर, दिवाळीनंतर कोकणाकडे, वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या आणि त्याचे पैसे किंवा धान्य घ्यायचं. गोवाऱ्याचं भ्रमण कोस-दोन कोसांचं, धनगराचं शेकडो किलोमीटरचं. हिशेब दोघांचा एकच : तोंड हलतं ठेवायचं.

गवताच्या बाजूने पाहिलं तर हा हिशेब का महत्त्वाचा, ते कळतं. द्वीपकल्पातल्या गवताळ आवरणाला शास्त्रज्ञ शेडा-मारवेल या दोन गवतांच्या नावाने ओळखतात. दोन्ही बहुवर्षायू आणि ढोरांच्या आवडीची. त्यांची मुळं खोल जातात, माती घट्ट धरतात. पण पावसाळ्यात बी धरण्याआधी तीच तीच ओरबाडली गेली की ठोंब दमतो. मग कुसळी पुढे येते, जी कोवळी असेतोवरच खाण्याजोगी असते. तीही टिकली नाही की आखूड, वर्षभराची, नावापुरती गवतं येतात. शेवटी तरोटा, रायमुनिया, रानतुळस, ज्यांना ढोर तोंड लावत नाही. तरोट्याने माळ हिरवागार दिसतो आणि उपग्रहालाही हिरवाच दिसावा, पण गाईच्या दृष्टीने ते वाळवंटच. तरोटा वाळला की उघडी जमीन उरते. बरड जागेवर माती मुळातच वीतभर. जूनचा पहिला सडाका ती नाल्यात नेतो आणि खालचा मुरूम वर येतो. मुरमावर शेडा परत येत नाही, निदान एका माणसाच्या आयुष्यात तरी नाही.

आता घरात शिरू या, कारण माळ बिघडतो तो घरातल्या हिशेबापायी. नागपूर-वर्ध्याच्या पट्ट्यात गवळाऊ ही गाय होती, आजही आहे. पांढरी-करडी, सडपातळ, लांब पायांची. दुधाला बेताची, पण तिचे बैल चपळ. गाडीला जुंपले तर पळत सुटणारे. आर्वी-कारंजाकडचे नंदगवळी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीला या जातीच्या संवर्धनासाठी सरकारी प्रक्षेत्रही आहे. घराचं गणित सोपं होतं : गोऱ्हे वाढवायचे, बैल करून विकायचे, शेणखत विकायचं, दूध-तूप जमेल तितकं. ट्रॅक्टर आला आणि बैलाचा बाजार बसला. मार्च २०१५ मध्ये सुधारित कायदा लागू झाला, गोवंशातल्या बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाला उरलंसुरलं गिऱ्हाईकही राहिलं नाही. कायद्याच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोललं गेलं. पशुपालकाच्या घरात मात्र त्याचा अर्थ एवढाच झाला, की नर वासरू जन्मलं की आनंद अर्धा.

नागपूरकर तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून लेकरांच्या हाती देतात. पोळ्याला खरी जोडी सापडणं अवघड होत चाललं असताना लाकडी बैल मात्र दरवर्षी मोठे होत आहेत, हे जाता जाता.

बैल गेला, तशी ज्वारीही गेली. विदर्भाच्या शिवारात कापसाच्या जोडीला सोयाबीन बसलं आणि कडबा संपला. सोयाबीनचं कुटार कडब्याची सर काय करणार! सोयाबीन निघालं की पाण्याची सोय असलेला शेतकरी लगेच हरभरा पेरतो. कपाशी होळीपर्यंत उभी. शिवाय रानडुक्कर आणि रोह्यांच्या त्रासाने शेताभोवती तारा आल्या, झटका मशीन आली. दिवाळीनंतर ढोरांना उघडणारं शिवार बंद झालं. त्यामुळे झुडपीला मिळणारी ती चार-सहा महिन्यांची उसंतही गेली. ढोरं कमी झाली तरी माळावरचा भार हलका झाला नाही, त्याचं उत्तर इथे आहे. शंभर ढोरं बारा महिने एकाच जागी असतील, तर ती दोनशे ढोरं सहा महिने असण्यापेक्षा जड पडतात, कारण गवताला बी धरायला वेळच मिळत नाही.

ढोरांच्या जागी शेळी आली. गरिबाची गाय म्हणून सरकारी योजनांनीही तिचं कौतुक केलं, आणि ते खोटं नाही. दवाखाना, शाळेची फी, लग्न, काहीही अडलं तरी एक बोकड विकून भागतं. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटी सहा लाखांच्या आसपास शेळ्या होत्या. भूमिहीन घरात दहा-बारा शेळ्या असतात आणि त्या राखायला बहुतेक वेळा बाई किंवा म्हातारं माणूस जातं. शेळी राखून घरी परत येऊन स्वयंपाक करायचा आहे, म्हणून लांब जाता येत नाही. मुलांची शाळा आहे, रेशन आहे, घरकुलाचा हप्ता आहे, म्हणून उन्हाळ्यात बिऱ्हाड हलवता येत नाही. स्थिर होण्याचे हे सगळे फायदे खरे आहेत आणि ते कुणी नाकारू नयेत. पण त्यांची किंमत गावाभोवतीच्या पहिल्या दोन किलोमीटरांनी मोजली. गाव आणि पाणवठा यांच्याभोवती उजाड कडं तयार होतं, त्यापलीकडे विरळ गवत आणि त्याहून पलीकडे, जिथे कुणी जाऊ शकत नाही किंवा जाऊ दिलं जात नाही, तिथे उभं वाळलेलं गवत. वणवा लागला तर तो तिथेच लागतो.

जाऊ दिलं जात नाही, हा भागही मोठा आहे. वर्धा जिल्ह्यातलं बोर १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. भोवतालचे नंदगवळी ज्या जंगलात गाई नेत, तिथे आता वाघाचा हक्क पहिला. वाघ वाचायलाच हवा, यात वाद नाही. पण जंगल बंद झालं म्हणून गाईंची तोंडं बंद होत नाहीत. ती उरलेल्या तुकड्यावर वळतात, आणि मग त्या तुकड्याची अवस्था दाखवून गुराख्यालाच बोल लावला जातो.

हा बोल जुना आहे. १९६८ साली अमेरिकेतल्या गॅरेट हार्डिन यांनी एक निबंध लिहिला. सामाईक कुरणावर प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवतो आणि शेवटी कुरण सगळ्यांसाठी मरतं, असं त्यांचं म्हणणं. जगभरच्या सरकारांना ते फार सोयीचं वाटलं. हार्डिन यांचं गृहीतच चुकीचं होतं : त्यांच्या कुरणावर ना गुराखी होता, ना आखर, ना पंधरा दिवस उतार सोडून देण्याचा रिवाज. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढे दाखवलं, की सामाईक साधनं राखण्याचे नियम लोक स्वतः करतात आणि पाळतातही. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मंगोलियाच्या गवताळ पठारावरून तर याहून थेट पुरावा आला. एकसारखंच हवामान आणि गवत, पण तीन राजवटी. डेव्हिड स्नीथ यांनी १९९८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं, की मंगोलियात, जिथे कळप अजून फिरत होते, तिथे कुरणं कमी बिघडली. चीनमधल्या अंतर्मंगोलियात आणि रशियाच्या हद्दीत, जिथे पशुपालकांना एका जागी बसवलं, तिथे जास्त बिघडली. म्हणजे नुसती जनावरं मोजून हा प्रश्न कळत नाही, ती दिवसाला आणि वर्षाला किती चालतात हे मोजावं लागतं.

महाराष्ट्राने मात्र दुसरी वाट धरली, चराईबंदीची. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारच्या यशोगाथेत कुऱ्हाडबंदीच्या शेजारी ती मानाने बसली आहे. हिवरे बाजारचे डोंगर हिरवे झाले, कापून आणलेल्या गवतावर दुधाची जनावरं वाढली, हे डोळ्यांनी दिसतं. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने सामूहिक वनहक्क मिळवून उजाड जमीन राखली, त्याचंही कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. तरी एक प्रश्न उरतो. गोठ्यात बांधून, कापून आणलेल्या गवतावर गाय पोसायला जागा लागते, पाणी लागतं, संकरित गाईचं भांडवल लागतं. ज्याच्याकडे दहा शेळ्या आणि दोन पाय एवढंच आहे, त्याने काय करावं? बंदीमुळे माळ वाचतो, पण गुराखी माळावरून नाहीसा होतो. आणि बंदी उठली किंवा सरपंच बदलला, की तिथे नीट चारणारं कुणी उरलेलं नसतं.

फिरणाऱ्यांकडे तर आपण संशयानेच पाहतो. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात ५८ उंट पकडले गेले, कत्तलीला चालवल्याच्या संशयावरून. उंटवाले कच्छचे रबारी निघाले, आणि रबारी विदर्भात काही परवाच आले नव्हते. कित्येक दशकं ते इथल्या शिवारांतून मेंढ्या-उंट घेऊन फिरतात, शेतात बसवतात, खत देतात. गोवारी गावात राहून दिसेनासा झाला, आणि रबारी फिरत राहून गुन्हेगार ठरला!

कायद्याच्या पुस्तकात याची दखल नाही असं नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यातल्या सामूहिक हक्कांत चराईचा उल्लेख स्पष्ट आहे, स्थिर पशुपालकांचाही आणि भटक्यांचाही. विदर्भात सामूहिक वनहक्क मिळवणारी गावं थोडी नाहीत, पण त्यांची चर्चा बांबू आणि तेंदूपानाभोवती फिरते. गवताला बाजारभाव नाही, म्हणून गवताला ठरावही नाही.

आणि आता झुडपी. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या सहा जिल्ह्यांतल्या सुमारे ८६,४०९ हेक्टर झुडपी जमिनीविषयी निकाल दिला : ती वनजमीनच मानली जाईल. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी झालेल्या वाटपांना नियमित करण्याची वाट ठेवली, कारण त्या जमिनींवर एव्हाना घरं, शाळा, सरकारी कचेऱ्या उभ्या राहिल्या होत्या. अनेकांचा जीव भांड्यात पडला. अतिक्रमणांना आळा बसेल, हेही चांगलंच. पण वनजमीन म्हटलं की वनखात्याचा पहिला हात खड्ड्यांकडे आणि रोपांकडे जातो. शेडा-मारवेलच्या माळावर झाडांच्या रांगा लावणं म्हणजे त्या माळाला दुसऱ्यांदा मारणं. तिथे हवं गवताचं बी, दोन पावसाळे उसंत, आणि त्यानंतर बेताने फिरणारी तोंडं. आखर असलेल्या गावांत ही उसंत कुणी द्यायची आणि फिरवायचं कुणी, हे सांगू शकणारी म्हातारी माणसं अजून आहेत. ती फार दिवस असणार नाहीत.

२०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत पशुपालक समाजांची जनावरं पहिल्यांदाच वेगळी मोजायचं ठरलं. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं, आणि तो प्रस्ताव मंगोलियाचा होता. दिल्लीत आणि उलानबातारमध्ये जे होईल ते होईल. वाचकाला एक काम गावातच करता येण्यासारखं आहे. महसूल संहितेच्या कलम १६१ खाली विदर्भातल्या गावांची निस्तारपत्रकं तयार होतात. आपल्या गावचं पत्रक दप्तरातून काढायला लावावं, चराईच्या नावे कोणते गट नंबर आहेत ते उतरवून घ्यावं, आणि गावातल्या एखाद्या जुन्या गुराख्याला सोबत घेऊन त्या जागेपर्यंत पायी जावं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, गाईंच्या सणाला, म्हणजे गायगोधनाला गेलात तर तो नक्की भेटेल.